मैदानाचं आरक्षण

(युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला विषय दिलाय तो असा : 'शहराच्या जमीन नियोजनात उद्याने, मोकळ्या जागा आणि विकास यांचा समतोल'. पत्रिकेवर तो इतका गुळगुळीत छापलाय की वाटावं, आता कुणीतरी टायवाला आर्किटेक्ट उठून भिंतीवर चित्रं दाखवणार. उठलोय मी. मॅट्रिक पास, गोदीत हमाली, कविता करतो म्हणून घरात बदनाम. पण समतोल हा शब्द गोदीतल्या माणसाला शिकवावा लागत नाही. क्रेनच्या हुकाला सळ्यांचं बंडल लावताना दोन्ही बाजूंची स्लिंग सारखी नसली तर माल कलतो. कलला की तो क्रेनवाल्याच्या केबिनवर पडत नाही, कंपनीच्या ऑफिसवर पडत नाही, खाली जो उभा असतो त्याच्या अंगावर येतो. म्हणून कुणी समतोल म्हणालं की मी आधी बघतो, खाली कोण उभं आहे.

मी बोलणार ते मुंबईबद्दल. दुसरं शहर मला पोटातून माहीत नाही.

मुंबईचा विकास आराखडा, म्हणजे ज्याला सगळे डीपी म्हणतात, त्याचा नकाशा उघडा. आपल्या ओळखीचा एक शब्द त्यावर जागोजाग भेटेल : आरक्षण. हा भूखंड बागेसाठी आरक्षित, हा मैदानासाठी, हा शाळेसाठी, हा प्रसूतिगृहासाठी. ज्या पांढरपेशाला आपल्या नोकरीतलं आरक्षण डोळ्यांत खुपतं, तो इथं मात्र आरक्षणाचा कैवारी असतो. असू दे. पण या आरक्षणाची गत आपल्या आरक्षणासारखीच झालीय. कागदावर भरलेलं, जागेवर रिकामं. राखीव जागांचा अनुशेष असतो तसा मैदानांचाही अनुशेष आहे, त्याचा मोर्चा मात्र कुणी काढलेला नाही.

पहिला आराखडा १९६४ साली तयार झाला आणि १९६७ साली मंजूर झाला. दुसरा १९८१ ते २००१ या वीस वर्षांसाठी होता, त्याला मंजुरी मिळेपर्यंत १९९१ ते १९९४ उजाडलं. म्हणजे निम्मा आराखडा फायलीत बसूनच म्हातारा झाला. तिसरा २०१४ ते २०३४ चा. त्याचा पहिला मसुदा २०१५ साली हजारो हरकती आल्यावर मागे घ्यावा लागला आणि शेवटी २०१८ साली तो मंजूर झाला. आता १९६६ च्या एमआरटीपी कायद्यातलं कलम १२७ ऐका, आणि पाठ करा. आराखड्यानं जमीन आरक्षित केली आणि सरकारनं किंवा पालिकेनं ती दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरची मुदतही तशीच गेली की आरक्षण 'व्यपगत' होतं. व्यपगत म्हणजे मेलं. सरकारी मराठी अशी की मढ्यालाही कळू नये आपण मेलोय म्हणून. दहा वर्षं झोपून काढणं कधी आळसानं होतं, कधी हिशोबानं होतं. कुणाच्या हिशोबानं ते तुम्हाला माहीत आहे.

आता आकड्यांकडे येऊ. २०१५ च्या मसुद्यात माणशी मोकळी जागा धरली होती २ चौरस मीटर. ओरड झाली तेव्हा सुधारित आराखड्यात ती ४ केली. केंद्र सरकारची शहर नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौरस मीटर सांगतात. आणि मुंबईत माणसाला खरोखर वापरता येते ती जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास धरतात. सव्वा चौरस मीटर म्हणजे मांडी घालून बसलेला एक माणूस. तो आडवा झाला की शेजाऱ्याच्या हद्दीत गेला.

पण ही झाली सरासरी, आणि सरासरी हा साहेब लोकांचा हिशोब आहे. भागाकार कसा मांडलाय बघा. वर मोकळी जमीन, तिच्यात जिमखानेही आले, क्लबही आले. खाली माणसांची डोकी, त्यात गोवंडी आली, मानखुर्द आलं, धारावी आली. भागायला आमचं डोकं चालतं. फाटकाशी गेलं की वॉचमन तेच डोकं वरपासून खालपर्यंत बघतो. मानखुर्द-गोवंडीकडे शहरानं पाठवलेली मोकळी जमीन म्हणजे देवनारचं डम्पिंग, १९२७ सालापासून. आणि त्याच भागात प्रकल्पग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या केल्या, लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, तिथं दोन इमारतींमध्ये तीन मीटरचं अंतर. खालच्या मजल्यांवर दिवसा बल्ब लावावा लागतो. डॉक्टरांच्या एका संस्थेनं तिथं पाहणी केली आणि सांगितलं की क्षयाचा आणि या अंधाराचा, कोंदट हवेचा संबंध आहे. हिरवळ, उद्यान वगैरे राहू द्या; या लोकांनी दोन भिंतींमधलं आकाश मागितलं तर तेही नियमात सवलत देऊन बिल्डरच्या खिशात घातलेलं आहे.

इतिहास जरा भरभर सांगतो, कारण तो माहीत नसला की आपण समजतो बागा आभाळातून पडल्या. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान, कूपरेज ही सगळी मिळून पूर्वी एकच एस्प्लनेड होतं. कंपनी सरकारनं किल्ल्याभोवतीची घरं आणि झाडं पाडून ते मोकळं केलं होतं, तोफेला समोरचं स्वच्छ दिसावं म्हणून. आज त्याला शहराची फुफ्फुसं म्हणतात. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टनं गरिबांच्या वस्त्या जेवढ्या पाडल्या तेवढ्या खोल्या सुरुवातीच्या काळात बांधल्याच नाहीत. पण त्याच ट्रस्टनं दादर-माटुंग्याला रुंद रस्ते आखले, फाइव्ह गार्डन्स केली. कामगारांना दिल्या बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच चाळीत बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. रात्री शहर झोपल्यावर दिव्याखाली वाचणारा तो माणूस, आणि थोड्या अंतरावर त्याच ट्रस्टनं आखलेल्या बागा. एकाच टेबलावर, एकाच पेन्सिलीनं दोन शहरं काढलेली आहेत. नंतर बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, तेही पुस्तकांना जागा पुरेना म्हणून.

मैदानंसुद्धा जातिधर्मानं वाटलेली होती. मरीन लाइन्सला समुद्राकाठी ओळीनं बघा : पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. आपला पळवणकर बाळू चांभाराचा पोरगा, पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचा आणि साहेबांना नेटमध्ये बॉल टाकायचा. पुण्याचे हिंदू त्याला संघात घेत होते कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. बॉल बाटत नव्हता, कप बाटत होता. १९११ साली याच बाळूनं इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर विकेट घेतल्या.

हे सगळं का सांगतोय? कारण आपल्यातले काही दोस्त म्हणतात, बागबगीचे हे खाऊन-पिऊन सुखी लोकांचे चोचले; आपल्याला घर पाहिजे, पोराला नोकरी पाहिजे, झाड गेलं खड्ड्यात. हे मी आपल्याच बैठकांत ऐकलंय, टाळ्याही पडतात. या दोस्तांशी माझं भांडण आहे आणि ते मी इथं उघड करतो.

महाडचं तळं काय होतं? पाणी तर होतंच. पण ते सार्वजनिक होतं, मुद्दा तो होता. १९२३ साली बोले ठरावानं मुंबई इलाख्यातल्या सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाडच्या नगरपालिकेनंही ठराव केला. तळं कागदावर खुलं झालं, आणि तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाची ओंजळ त्या पाण्याला लागली नव्हती. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर होतं ते चालून जावं लागलं, डोकी फोडून घ्यावी लागली. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये लिहिलं गेलं की विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या बाबतीत जात-धर्म-लिंगावरून कुणालाही अडवता येणार नाही. सार्वजनिक वापराच्या जागा! बाग त्यात आली, मैदान त्यात आलं, समुद्राचा काठ त्यात आला. डीपीच्या नकाशावरचा हिरवा ठिपका हा महाडच्या पालिकेचा ठराव आहे, गड्यांनो. आपल्याला चोचला वाटतो तो आपल्या आज्याच्या लढ्याचा पुढचा सर्व्हे नंबर आहे.

आणि आपला इतिहास घडला कुठं ते बघा. आपल्याकडे ना टाऊन हॉल, ना क्लब, ना देवळाचा सभामंडप. २४ मे १९५६, बुद्धजयंती : ऑक्टोबरमध्ये आपण बौद्ध धम्म स्वीकारणार हे बाबासाहेबांनी जाहीर केलं ते परळच्या नरे पार्कवर. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसं दीक्षेला बसली ती उघड्या जमिनीवर. ५ जानेवारी १९७४ ला पँथरची सभा झाली, जिच्यावर हल्ला झाला आणि वरळी पेटली, ती बीडीडी चाळींतल्या आंबेडकर मैदानावर. पाच दिवसांनी मोर्चात भागवत जाधव मारला गेला. मैदान काढून घेतलं असतं तर ही चळवळ झाली कुठं असती? दहा बाय बाराच्या खोलीत?

दीक्षाभूमीचं तर ताजं आहे. तिथं भूमिगत पार्किंग खोदायला घेतलं. सुशोभीकरण, विकास, सोय, शब्द सगळे गोडच होते. १ जुलै २०२४ ला लोक घुसले, काम बंद पाडलं आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. त्या दिवशी आपल्या साध्या बायाबाप्यांनी शहर नियोजनावर जी हरकत नोंदवली तेवढी चांगली हरकत मी कुठल्या आर्किटेक्टच्या अर्जात वाचलेली नाही.

आता शिवाजी पार्क. ६ डिसेंबर. विदर्भातून, मराठवाड्यातून, कुठून कुठून माणसं येतात, चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहतात आणि रात्री त्या मैदानावर अंग टाकतात. हे मैदान १९२५ साली लोकांना खुलं झालं. मे २०१० मध्ये उच्च न्यायालयानं ते शांतता क्षेत्रात घातलं. आजूबाजूचे रहिवासी दरसाल कुरकुरतात : घाण होते, धूळ होते, आवाज होतो. मी दोन वर्षं तिथं पाण्याच्या टाकीवर स्वयंसेवक होतो. मला दिसलं ते असं : एका म्हातारीनं पिशवीतून भाकरी काढली, चादर अंथरली, चादरीच्या चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. नवीन घेतलेली पुस्तकं. वाचता येत नव्हतं तिला, नातवासाठी होती. ती चादर साधारण दोन चौरस मीटरची. २०१५ च्या मसुद्यानं माणशी जेवढी दिली होती तेवढीच. मैदान कशासाठी असतं हे नियोजनकारांना त्या चादरीवर बसवून शिकवलं पाहिजे. झाड, गवत, जॉगिंगचा ट्रॅक हे असू द्या. पण रिकामी जमीन रिकामी ठेवायची ती यासाठी, की ज्याला शहरात कुणी नाही त्याला तीन दिवस शहरात राहता यावं.

म्हणून मी बाग आणि मैदान वेगळं मोजतो. बागेला कुंपण असतं, वेळ असते, 'चेंडू खेळू नये' अशी पाटी असते. हल्ली मैदान द्यायचं नसलं की त्याच्या जागी थीम गार्डन देतात, कारंजं लावतात, पुतळा बसवतात आणि आपण नारळ फोडून घरी जातो. पुतळ्याच्या नावानं मैदान गेलं तर बोंब मारायचीही पंचाईत! (मैत्रिणींसाठी एक. आपल्या वस्त्यांतली मैदानं म्हणजे नुसतं पोरांचं क्रिकेट झालंय. मुली कडेनं मान खाली घालून जातात. मैदान वाचवायचं म्हणताना कुणासाठी वाचवायचं, तेही एकदा आपसांत भांडून घ्यावं लागेल.)

समतोलाची पहिली मोठी थाप आपल्याला गिरण्यांच्या जमिनीवर मिळाली. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला, दोन-अडीच लाख कामगार रस्त्यावर. गिरण्या मेल्या, जमीन उरली, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमावलीत नियम ५८ घातला : मालकाला जमीन विकसित करायची तर तीन वाटे करायचे. एक पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. याला म्हणावं समतोल! मग २००१ साली तो नियम अलगद बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, आधीपासून मोकळी असेल तेवढ्याचीच. गिरणी उभी होती ती जमीन मालकाची. आता गिरणीत मोकळी जमीन असते किती? शेडला शेड लागलेली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं हा बदल उडवला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला. बाग गेली, घर गेलं, मॉल आले. ज्या गिरणीच्या विणकाम खात्यात आपल्या आज्याला घेत नव्हते, कारण धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि थुंकी बाटायची, त्या गिरणीच्या तुकड्यांतही आपला वाटा शेवटी मोजला नाही. इथं एक लक्षात ठेवा. बाग मागणारे आणि घर मागणारे त्या वेळी एकाच बाजूला होते, दोघांचेही वाटे एकाच दिवशी कापले गेले. नंतर मात्र दोघांना एकमेकांवर सोडलं.

कसं सोडलं ते राष्ट्रीय उद्यानात दिसलं. बोरिवलीच्या जंगलाच्या कडेला झोपड्या वाढल्या होत्या. पर्यावरणवाल्यांच्या एका संस्थेनं १९९५ साली याचिका केली, १९९७ साली न्यायालयानं अतिक्रमण काढायला सांगितलं. बाधितांचा आकडा चार लाखांच्या घरात सांगितला जायचा. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा असेल त्यानं ७००० रुपये भरायचे, मग पर्यायी घर. नसेल त्यानं चालू लागायचं. जंगल वाचायलाच पाहिजे, त्यातलं पाणी आपणही पितो. पण जंगलाच्या काठानं जे टॉवर उभे राहिले, ज्यांच्या जाहिरातीत खिडकीतून जंगल दिसतं, त्यांच्यावर हत्ती गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तिथं हत्ती लावून झोपड्या मोडल्या होत्या, ही दंतकथा नव्हे. हिरवा रंग आपल्यावर असाही चालून येतो. म्हणून आपला माणूस झाडाचं नाव काढलं की दचकतो. त्याला मी दोष देणार नाही.

आणि आता खरा पेच, जो आपल्यातल्या प्रत्येकाच्या दारात येणार आहे. मैदानासाठी आरक्षित भूखंड, पालिकेनं तीस-चाळीस वर्षांत घेतलेला नाही, त्यावर झोपडपट्टी झालेली आहे. करायचं काय? २०३४ च्या नियमावलीत उत्तर आहे : ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड असेल तर ६५ टक्क्यांवर झोपु योजना, ३५ टक्के मोकळी जागा. एका नागरी संस्थेनं हा कज्जा २००२ सालापासून लढवला. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं नियम वैध धरला. निकालात झोपडीवाल्याच्या निवाऱ्याच्या हक्काची दखल आहे, ती मी छोटी मानत नाही. आपल्याला नुसते अतिक्रमणवाले म्हणून उडवून लावलं नाही, हे बरं झालं.

पण हिशोब करू. समजा एक एकराचं मैदान, ४० गुंठे. त्यावर ४०० झोपड्या, म्हणजे २००० माणसं. ३५ टक्के म्हणजे १४ गुंठे, साधारण १४०० चौरस मीटर. माणशी पाऊण मीटरही भरत नाही. आणि त्याच जागेवर विक्रीचा टॉवर येणार, त्यातली माणसं वेगळी. त्यांचं फाटक वेगळं, लिफ्ट वेगळी, आणि ते १४ गुंठे कुणाच्या फाटकाच्या आत येतात हे नकाशाच्या तिसऱ्या पानावर असतं. तिसरं पान आपल्याला कुणी दाखवत नाही.

मी राहतो तिथं हेच चाललंय. कलेक्टरची जमीन, मधे थोडा मोकळा तुकडा. जयंतीचा मंडप तिथं, लग्न तिथं, मयताला लोक बसतात ते तिथं. विकासकाचा माणूस येतो, आपल्यातलाच आहे, जयभीम घालतो. म्हणतो, 'अण्णा, ३०० फुटांचं घर, संडास आत. मैदान-मैदान काय करतोस? मैदानात संसार करणार आहेस का?' माझ्या आईनं त्याला विचारलं, 'बाबा, आणि मेल्यावर माणसं बसवू कुठं, जिन्यात?' तो हसला. ५१ टक्के सह्या लागतात, त्यातल्या बऱ्याच त्याच्याकडे आहेत. ज्यांनी सह्या दिल्या त्यांना मी गद्दार म्हणत नाही. सकाळी सहाला सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभी राहणारी बाई सही देणारच. मला विचाराल तर घर घ्यायचंच. पण बिल्डर आपल्याला पुढे करून मैदान खातो आणि मैदानवाले आपल्याकडे बोट दाखवून न्यायालयात जातात, या दोघांच्या मधे आपण मुकाट उभं राहायचं नाही. सहीच्या कागदावर अट लिहून सही द्यायची : मोकळी जागा जमिनीवर पाहिजे, गच्चीवर नको, तिला रस्त्यावरून सरळ वाट पाहिजे, ती पालिकेच्या नावावर पाहिजे, सोसायटीच्या नव्हे. वरळीच्या बीडीडीत लोकांनी वर्षानुवर्षं अडून बसून ५०० फूट मिळवले, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या हातात पडल्या. अडून बसल्यावर मिळतं. आता तिथल्या पोरांनी मैदानासाठी अडून बसावं.

तिकडे श्रीमंतांच्या बाबतीत समतोल कसा पटकन साधतो ते सांगून टाकतो. महालक्ष्मीचं रेसकोर्स, २११ एकर. भाडेपट्टा २०१३ साली संपला होता. २०२४ साली वाटणी झाली : १२० एकर पालिकेला बागेसाठी, ९१ एकर घोड्यांना, २०५३ पर्यंत. बाग झाली तर मी जाईन, नक्की जाईन, डबा घेऊन जाईन. पण घोड्यांच्या पुनर्वसनासाठी १९९५ चा पुरावा कुणी मागितला नाही, एवढं नोंदवून ठेवा.

शेवटी माझ्या रोजच्या जागेबद्दल. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत बंदराची जमीन पसरलीय, सुमारे १८०० एकर. गिरण्यांच्या तिप्पट. १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं आणि माल हळूहळू तिकडे वळला. २०१४ साली या जमिनीचं काय करायचं यावर सरकारी समितीचा अहवाल आला. २०१८ साली पोर्ट ट्रस्टच इथला नियोजनकार झाला; २०२१ च्या कायद्यानं त्याचं पोर्ट अथॉरिटी झालं. म्हणजे जमीन त्याची, नकाशाही तोच काढणार. नकाशात समुद्राकाठी फिरायची जागा आहे, बाग आहे, पर्यटन आहे. छान आहे. पी. डिमेलो रोडला गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव आहे आणि त्या रस्त्यावरून चालताना भिंतीमुळे समुद्र दिसत नाही. ती भिंत पडली तर पहिला दगड मीच काढेन. पण दारूखाना, कौला बंदर, पावडर बंदर इथली वस्ती त्या नकाशात कुठल्या रंगात आहे? केंद्राची जमीन म्हणून राज्याची झोपु योजना त्यांना लागली नाही. मुंबईत बीडीडीच्या २०७ चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्यांचा पुनर्विकास ठरला तेव्हा शिवडीच्या १२ बाजूला राहिल्या, कारण खालची जमीन बंदराची. जी माणसं ९०-१०० वर्षं माल उतरवत आली त्यांच्या पायाखालची जमीन बागेत जाणार की टॉवरमध्ये, हे ठरताना त्यांना कुणी खुर्ची दिलेली नाही. गिरण्यांच्या वेळी आपण २००१ चा बदल होऊन गेल्यावर जागे झालो. इथं अजून सगळं झालेलं नाही.

तर काम सांगतो आणि बसतो. प्रत्येक शाखेनं आपल्या वॉर्डाचं डीपीचं पान मिळवायचं. आपल्या वस्तीच्या आसपास मैदान, बाग, शाळा म्हणून आरक्षित असलेला प्रत्येक भूखंड शोधून काढायचा, पायी तिथं जायचं आणि आज तिथं काय आहे ते लिहायचं : कुंपण आहे का, कुणाचं आहे, फाटकाला कुलूप आहे का, आत सोडतात का, मुली जातात का. नकाशात झोपडपट्टीवर एकच रंग फासलेला असेल. त्यात आपली बालवाडी, विहार, नळ, मंडपाची जागा आपल्या हातानं भरायची. महिन्याभरात बारा-पंधरा वस्त्यांचा नकाशा जमला तर पुढच्या हरकती-सूचनांच्या वेळी आपण रिकाम्या हातानं जाणार नाही. पहिली फेरी येत्या रविवारी, सकाळी आठ वाजता, शिवडी स्टेशनच्या पूर्वेला. तीस मीटरची टेप मी आणतो. वही-पेन ज्याचं त्यानं आणायचं.

जयभीम.